राउटर हेडला, घर टेलला

माझ्या फोनवर महिन्यातून चार-पाच वेळा तरी एकच मेसेज येतो. कधी शाळेतल्या मित्राचा, कधी भावकीतल्या कुणाचा, कधी ज्याचा नंबरही सेव्ह नाही अशा माणसाचा. "दादा, तू कॉम्प्युटरमधला आहेस ना? घरी वायफायला कोणता राउटर घेऊ? बजेट दोन हजार." खाली शॉपिंग अ‍ॅपचे तीन स्क्रीनशॉट. तिन्ही डबे काळे, तिन्हींना शिंगं.

मी इंदापूर तालुक्यातला. इंजिनिअरिंग बारामतीत केलं, नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि आठवड्यातले तीन दिवस गावाकडून काम. त्यामुळे माझ्याकडे उत्तर असणार असं लोकांना वाटतं. पण मी या मेसेजला मॉडेलचं नाव पाठवत नाही. मी उलटं विचारतो, "घरात नेट कामासाठी सगळ्यात जास्त कुणाला लागतं? आणि ते माणूस बसतं कुठे?"

बहुतेक वेळा निळ्या टिका येतात आणि विषय संपतो. काही जण चिडतात. "अरे, राउटर विचारला, घरची माहिती नाही."

माझं भांडण इथेच आहे. राउटर निवडायचा तर घरची माहिती आधी लागते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत वायफाय रडतं ते डबा स्वस्त आहे म्हणून रडत नाही. डबा चुकीच्या खोलीत आहे म्हणून रडतं. आणि तो त्याच खोलीत का, हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर तंत्रज्ञानात नाही, घराच्या मांडणीत आहे.

कालवा कळतो, वायफाय कळत नाही

आपल्या भागात पोरगं चालायला लागलं की त्याला हेड आणि टेल कळतं. नीरा डावा कालवा वीर धरणापासून निघतो, पुरंदर आणि बारामती करत इंदापुरात येतो. खडकवासल्याचा कालवा दौंड ओलांडून इंदापूर तालुक्यात येतो. दोन्ही बाजूंनी आपण टेलला. धरण शंभर टक्के भरल्याची बातमी वाचून टेलचा शेतकरी पेढे वाटत नाही. त्याला माहीत असतं, की धरणात किती आहे याला अर्थ नाही, आपल्या चारीला किती येतंय याला आहे. वर मोटारी पडतात, दारं मोडतात, आवर्तन संपत येतं आणि खालच्या फाट्याला ओलही लागत नाही. म्हणून आपल्याकडची मागणी कधी "धरण मोठं करा" अशी नसते. ती "टेल टू हेड द्या" अशी असते. आधी शेवटच्या माणसाला, मग वर.

आता हाच शेतकरी घरी येतो. वरच्या खोलीत नेट येत नाही म्हणून पोरगी तक्रार करते. तो काय करतो? १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करतो. म्हणजे धरण मोठं करतो.

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेतसुद्धा ताकद चौथाईवर येते. मध्ये नऊ इंची भिंत आली की अजून घट. स्लॅबमध्ये तर सिमेंटसोबत लोखंडी सळ्यांची जाळी असते. पत्र्याचं शेड, लोखंडी कपाट, मोठा आरसा यांवर लहरी आपटून परत फिरतात. पाण्याची भरलेली टाकी त्या पिऊन टाकते. ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण त्यात एकमेकांना न अडवणारी साधारण तीनच चॅनल, १, ६ आणि ११, आणि बारामती शहरातल्या एखाद्या सोसायटीत त्या तिघांवर तीस घरं बसलेली असतात.

अजून एक गोष्ट, जी टेलच्या लोकांपेक्षा हेडच्या लोकांनी ऐकावी. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे थांबतात. शेजपाळीसारखंच. हॉलमधल्या फोनला ६० एमबीपीएसने जे मिळायला एक सेकंद लागतो, ते मागच्या खोलीतल्या फोनला ६ ने मिळायला दहा सेकंद लागतात. साध्या राउटरमध्ये तेवढे दहा सेकंद हॉलवालाही पाळी लागायची वाट बघतो. टेल उपाशी ठेवलं की हेडचंही पाणी तुंबतं. कालव्यात हे होत नाही, वायफायमध्ये होतं. म्हणजे स्वार्थी माणसानेसुद्धा आधी टेलचं बघावं, एवढी सोय निसर्गाने केलेली आहे.

शिंगं मोजून बैल घेत नाहीत

तरीही आपण डबाच बदलतो, कारण डबा विकत मिळतो. आणि विकणारे आपल्याला आकड्यांनी गाठतात.

खोक्यावर 'एसी१२००' लिहिलेलं असतं. दुकानदार म्हणतो, बाराशेचा स्पीड. हे बाराशे म्हणजे एका बँडचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७, बेरीज करून वर गोल केलेली. 'एएक्स३०००' म्हणजे ५७४ अधिक २४०२. आपला साधा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो. दोन वेगळ्या गटांतल्या जमिनींचं क्षेत्र एकाच सातबाऱ्यावर लिहून कर्ज काढण्यातला हा प्रकार आहे. त्यातही हे आकडे प्रयोगशाळेतले. घरात निम्मे मिळाले तरी चांगलं.

याच एसी१२०० वर्गातल्या बऱ्याच स्वस्त डब्यांत मागचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. तुम्ही २०० चा प्लॅन घ्या, ३०० चा घ्या, त्या भोकातून शंभराच्या आतच येणार. सहा इंची पाइपलाइन आणून शेवटी अर्ध्या इंचाचा नळ. पण खोक्याच्या दर्शनी बाजूला पोर्टचा आकडा कोण छापतो? तिथे अँटेनांचा फोटो असतो.

अँटेनांचं तर विचारूच नका. राउटर कितीही जोरात ओरडला तरी फोनला उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज तेवढाच राहतो. मिरवणुकीतल्या डीजेचा आवाज तुमच्या माजघरात येतो, म्हणून तुम्ही माजघरातून डीजेवाल्याला 'गाणं बदल' म्हणालात तर त्याला ऐकू जातं का? फोनवर चार काड्या दिसतात आणि व्हिडिओ फिरत राहतो, त्याचं एक कारण हे. काड्या सांगतात तुम्हाला राउटर किती ऐकू येतो. राउटरला तुम्ही ऐकू येता का, हे काड्या सांगत नाहीत.

मग कुणीतरी रिपीटर सुचवतो. प्लगमध्ये खोचायचा छोटा डबा. तो बरोबर जिथे नेट येत नाही तिथे लावला जातो. कोरड्या चारीत मोटार टाकून काय उपसणार? पाणी असलेल्या जागी लावला तरी स्वस्त रिपीटर एकाच रेडिओने घेतो आणि त्यानेच पुढे देतो, म्हणजे वेग साधारण निम्मा. मेशचे महाग संचसुद्धा वायरशिवाय लावले तर भिंतींपुढे शेवटी हेच दुखणं.

टेलला कोण राहतं

आता मूळ मुद्दा. आपल्या घरांत राउटर कुठे असतो? हॉलमध्ये. टीव्हीच्या वर किंवा मागे. का? कारण केबलवाल्याची वायर आधीपासून तिथे येत होती, आणि केबलवाला आला तेव्हा घरातला जो पुरुष हजर होता त्याने बोट तिकडे दाखवलं. दोन मिनिटांत भिंतीला भोक पडलं आणि पुढच्या दहा वर्षांचा निर्णय झाला.

हॉलमध्ये कोण बसतं? पाहुणे, सोसायटीतले लोक, घरातले पुरुष, संध्याकाळी मालिका. मागे आणि वर कोण असतं? सून, परीक्षेची तयारी करणारी मुलगी, म्हातारी आजी. हॉलमध्ये रील बघायला ९० एमबीपीएस आणि आतल्या खोलीत बँकेच्या परीक्षेची मॉक टेस्ट द्यायला ३.

माझी एक आतेबहीण इंदापूर तालुक्यातल्या गावात दिली आहे. पुण्याच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं काम करते, चॅटवर आणि फोनवर. लग्न ठरताना तिच्या सासरच्यांनी नोकरीला हरकत घेतली नाही. कंपनीनेही घरून काम करायला दिलं, एका अटीवर: लाईन तुटता कामा नये. हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून, पाय पसरून, इंग्रजीत बोलत आठ तास बसायचं तिला कुणी मना केलेलं नव्हतं. पण सुनेला तसं बसता येत नाही, हे सांगावं लागत नाही. ती वरच्या खोलीत बसायची. मध्ये स्लॅब. हॉलमध्ये ९४ यायचे, वर ३.

२०२३ च्या जानेवारीपासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. त्याआधी ५१२ केबीपीएस होतं. म्हणजे वरच्या खोलीतलं तिचं नेट व्याख्येत पास होतं. कॉलमध्ये मात्र ग्राहक "हॅलो, हॅलो" करत राहायचा. शेवटी ती गच्चीवर टाकीच्या सावलीत मोबाईल डेटावर बसायला लागली. दिवसाचा डेटा दुपारी संपायचा.

घरच्यांनी उपाय केला. साडेतीन हजारांचा सहा अँटेनांचा राउटर आणला आणि जुन्याच्याच जागी, टीव्हीच्या वर ठेवला. वर ३ चे ५ झाले. महिन्याभराने घरात सूर बदलला: "एवढी कटकट असेल तर नोकरी कशाला?" कुणी वाईट नव्हतं. सगळ्यांना खरंच वाटत होतं, की प्रयत्न केले, पण गावाकडे नेट चालतच नाही. एका बाईचा पगार चार महिने एका डब्याच्या जागेवर टांगलेला होता आणि सगळे बघत होते डब्याच्या किमतीकडे.

मी तिला सांगितलं, एक वायर वर ने. तिने सासऱ्यांपुढे विषय काढला. ते म्हणाले, "भिंतीवर वायर दिसंल." ती म्हणाली, "मामा, डिशची वायर दिसतीच की." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, "बरं, मागनं न्या."

घराच्या मागच्या बाजूने पाइपातून कॅट-सिक्स वायर वर गेली. अडगळीत टाकलेला जुना राउटर वर लावला. वायर आणि मजुरी मिळून डीएपीची एक गोणीही आली नसती. वर ९० आले.

त्या घराचं नेटचं बिल पहिल्यापासून तीच भरत होती, हेही सांगून ठेवतो. टेलच्या शेतकऱ्याची पाणीपट्टी कुठे कमी असते?

कुलूप कुणाचं

घरातल्यांना बोलून झालं, आता बाहेरच्यांना. फायबर घरात येतं ते एका डब्यात संपतं. त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यातच वायफायही असतं. तो कुठे लावायचा हे ऑपरेटरचा माणूस वायर वाचवून ठरवतो. त्याच्या सेटिंगचा पासवर्ड विचारला की उत्तर मिळतं, "तो आमच्याकडंच राहतो." स्वतःचा राउटर पुढे जोडायचा म्हणून ब्रिज मोड मागितला की, "तसलं काही नसतं." असतं. बहुतेक ओएनटीत असतं.

जर्मनीत २०१६ च्या १ ऑगस्टपासून कायदा आहे: घरात कोणता राउटर लावायचा ते ग्राहक ठरवेल, आणि जोडणीला लागणारी माहिती कंपनीने दिलीच पाहिजे. त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीचा एक निळा-काळा राउटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे, हे लोकांनी ओळखलं. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कोड उघडा करणं भाग होतं. कंपनीला तो करावा लागला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली उभी राहिली, आणि ती आजही शेकडो राउटरांवर चालते. कंपनीने अपडेट द्यायचं सोडलेल्या डब्यालाही ती नवं आयुष्य देते. म्हणजे डब्याला कुलूप असलंच पाहिजे हा निसर्गनियम नाही.

आणि कुलूप ऑपरेटरकडे असून सुरक्षा तरी वाढते का? अर्ध्या गावाचे वायफाय पासवर्ड म्हणजे मालकाचा मोबाईल नंबर. आतल्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने याच फुटकळ कारणावर जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. काम अवघड नव्हतं. ठरलेले काही पासवर्ड टाकून बघायचे.

ऑपरेटरचा माणूस हा खलनायक नाही, हेही मान्य. पावसात खांबावर तोच चढतो. पण त्याला प्रश्न विचारले की आपण शहाणे ठरू, आगाऊ ठरू, या भीतीने गप्प बसणं मला मान्य नाही. कालव्यावरच्या पाटकऱ्याला आपण विचारतोच ना, "आमची पाळी कधी?"

"पण..."

"पण फाइव्हजी आलंय, राउटर कशाला?" २०२२ च्या ऑक्टोबरपासून आलंय, आणि चांगलंच आहे. पण त्यालाही भिंती आहेत, बऱ्याच प्लॅनला रोजची मर्यादा आहे, आणि घरातला चांगला फोन कुणाच्या खिशात असतो हे पुन्हा तेच गणित. सुनेच्या हातात बहुतेक वेळा नवऱ्याने वापरून सोडलेला फोन असतो.

"पण वायर वाईट दिसते." कुणाला? गेटपासून हॉलपर्यंत येणाऱ्या पाहुण्याला. वर बसून कमावणाऱ्या बाईपेक्षा त्याचं मत मोठं कसं?

"पण गावाकडे लाईटच नसते." हा मुद्दा खरा. मळ्यातल्या घरांना शेतीच्या फीडरवरची लाईट, व्होल्टेज खाली-वर. पण राउटरला फार कमी वीज लागते. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, ओएनटी आणि राउटर दोन्हींना पुरेल असा बघून घ्या. अँटेना वाढवण्यापेक्षा हे पैसे शंभर टक्के कामी येतात.

आणि शेवटचा, सगळ्यात आवडता: "एवढं कोण बघत बसतंय?" बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसाच्या प्लॉटमध्ये सेन्सर लावलेत, उपग्रहाचे फोटो घेतलेत, मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान आणलंय, कशासाठी? तर प्लॉटच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी कमी आहे हे कळावं म्हणून. उसाचा तहानलेला कोपरा शोधायला आपण आकाशात बघतो. घरातला शोधायला फोन हातात घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात, एवढंच.

तेवढं करा. स्पीड टेस्ट उघडा आणि प्रत्येक खोलीत, जिथे माणूस खरंच बसतं तिथे बसून, दाराच्या आतून, दार लावून बघा. आकडे कागदावर लिहा. सगळ्यात कमी आकड्याशेजारी त्या खोलीत कोण असतं त्याचं नाव लिहा. मग राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, टीव्ही आणि कपाटापासून लांब आणा. तेवढ्याने भागलं नाही तर एक वायर टाका आणि दुसऱ्या टोकाला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. नाव आणि पासवर्ड तोच ठेवा. एवढं करून नवा डबा घ्यायचाच असेल तर दोन्ही बँड असलेला, गिगाबिट पोर्टचा आणि ज्याला कंपनी अजून अपडेट देते असा घ्या. वायफाय ७ लिहिलेल्यासाठी ज्यादा पैसे घालण्याआधी घरातले फोन कुठल्या पिढीचे आहेत ते बघा. शिंगं मोजू नका.

नवीन जोडणी घेत असाल तर आणखी सोपं आहे. ऑपरेटरचा माणूस ड्रिल घेऊन दारात उभा राहील आणि विचारेल, "कुठं लावू?" त्याला हॉल दाखवायच्या आधी दोन मिनिटं थांबवा, चहा द्या, आणि आत हाक मारून बहिणीला, वहिनीला, बायकोला बाहेर बोलवा. भोक कुठे पडायचं ते तिने सांगावं.